साडेतीन लिटरचा डबा

बिलावर लिहिलं होतं, इंजिन ऑइल ३.५ लिटर. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलं होतं, फिल्टर बदलल्यास ३.१ लिटर. मधले चारशे मिलिलिटर गेले कुठे, एवढंच मला विचारायचं होतं. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधलं झटपट ऑइल चेंजचं दुकान, शनिवारची सकाळ, माझ्यामागे चार गाड्यांची रांग. गल्ल्यावरच्या मुलानं माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला उत्तर दिलं, "पूरा डाल दिया, सर. एकदम फुल." पुरणपोळीवर तुपाची धार आणखी एकदा सोडावी, तसा सूर.

गाडी माझी, चालवते मी, पैसेही मीच दिले होते. पण ते सोडून देऊ. घरी आल्यावर गाडी सपाट जागी लावली, दहा मिनिटं थांबले, डिपस्टिक ओढून फडक्यानं पुसली, पुन्हा आत घातली आणि पुन्हा काढली. या पट्टीवर दोन खुणा असतात, किमान आणि कमाल. बहुतेक छोट्या गाड्यांत त्या दोहोंमधलं अंतर साधारण एक लिटरचं. माझं तेल कमाल खुणेच्या वर आणखी जवळजवळ अर्धं अंतर चढलेलं. चारशे मिलिलिटर सापडले.

जास्त तेलानं बिघडतं काय? इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं आणि त्याच्या लगेच वर क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. तेलाची पातळी त्याच्यापर्यंत पोचली की ताकात रवी फिरावी तसं तेल घुसळून निघतं. फेस होतो. फेसात हवा असते आणि हवेनं बेअरिंगांचं वंगण होत नाही. आतला दाब वाढून सीलमधून गळती सुरू होण्याची भीती वेगळीच. पाव-अर्ध्या लिटरनं इंजिन लगेच बसतं असं नाही, पण मुद्दाम पैसे मोजून ही जोखीम घेण्याचंही कारण नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर त्यांनी बोल्ट सैल करून जादाचं तेल काढून दिलं, तेही अगदी हसतखेळत. ज्या तेलाचे पैसे मी दिले होते, ते नवंकोरं तेल त्यांच्या काळ्या तेलाच्या ट्रेमध्ये धार लावून पडलं.

यात लबाडी होती असं मला वाटत नाही. डबे ३, ३.५, ४ लिटरचे येतात, आणि इंजिनं आपल्या मापानं पितात. उरलेलं तेल गिऱ्हाइकाचं असतं. डब्यातच ठेवून घरी न्यावं, पुढे पातळी खाली गेली तर कामी येतं. पण मागे रांग लागलेली असताना माप काढत बसण्यापेक्षा अख्खा डबा पालथा करणं सोपं. झटपट दुकानांबद्दल लोकांच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशा अशाच असतात. फसवणुकीपेक्षा घाई जास्त.

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. बेंगळुरू विकास प्राधिकरणानं आखलेली सात सेक्टरांची वसाहत. एका कडेला आगरा तलाव, एका कोपऱ्याला सिल्क बोर्डाचा चौक, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी इथला माणूस मोबाइलवर नकाशा उघडतो. स्टार्टअपवाल्यांची वस्ती, त्यामुळे पैसे देऊन वेळ वाचवणारं गिऱ्हाईक भरपूर. झटपट तेलबदलाच्या तिन्ही तऱ्हा इथे सापडतात. पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यातला तेलवाला, काचेचा पडदा आणि कॉफीचं यंत्र असलेलं एक्स्प्रेस दुकान, आणि ॲपवर बोलावलं की बॅग पाठीला लावून तुमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उतरणारा मेकॅनिक. गल्लीतला जुना गॅरेजवाला अण्णा "आज सोडून जा, संध्याकाळी या" म्हणतो, म्हणून त्याला यात धरता येत नाही. मात्र झटपटवाल्यांनी घातलेले घोळ निस्तरायला लोक शेवटी त्याच्याकडेच जातात.

यातला पंपावरचा तेलवाला सगळ्यांत जुना. इंडियन ऑइलचं 'सर्वो' बाजारात आलं १९७२ मध्ये, आणि पंपावरच तेल घ्या, मजुरी फुकट, हा रिवाज महाराष्ट्रातल्या तालुक्यांपासून इथपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. स्कूटरला हे पुरतंही. ॲक्टिव्हासारख्या गाडीत पाऊण लिटरच्या आसपास तेल लागतं, कागदी फिल्टर नसतोच, नुसती जाळी असते. पाच-सात मिनिटांत काम उरकतं.

एक्स्प्रेस दुकानं आणि ॲपवाले नंतरचे. त्यांना मोकळी जागा मिळाली त्यामागे एक निकाल आहे, जो गाडी वापरणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण "बाहेर तेल बदललं की वॉरंटी गेली" हे शोरूमवाल्याचं ठेवणीतलं वाक्य तेव्हापासून पूर्वीइतकं वजनदार राहिलेलं नाही. तरीही वॉरंटीच्या काळात बाहेर जायचं असेल तर कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच तेल भरून घ्यावं आणि तारीख, किलोमीटर, तेलाची जात लिहिलेलं पक्कं बिल जपून ठेवावं, कारण इंजिन बिघडल्यावर भांडण त्या कागदावरच होतं.

ॲपवाल्यांची गोष्ट त्यांच्या कामासारखीच झटपट. २०१६ मध्ये गुरुग्रामात सुरू झालेल्या गोमेकॅनिकनं गल्लीतल्या गॅरेजांना एका रंगात रंगवून, एका दरपत्रकात बसवून मोठं जाळं उभं केलं. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या एका संस्थापकानंच हिशेबात गंभीर गफलती झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं, सुमारे ७० टक्के कर्मचाऱ्यांना नारळ देण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली. ॲपवर दिसणारं नाव आणि प्रत्यक्ष पाना फिरवणारा हात यांच्यात किती पायऱ्या असतात, हे गिऱ्हाइकाला तोवर कळलेलंच नव्हतं.

आता मूळ प्रश्न. तेल बदलायचं कधी?

माझ्या मामाकडे साताऱ्याला ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवर किलोमीटर कोणी विचारत नाही. त्याला तासांचं मीटर असतं, आणि मामा अडीचशे तास झाले की तेल बदलायचा. शेतात ट्रॅक्टर कासवाच्या चालीनं चालतो, कधी जागीच उभा राहून मळणीयंत्र फिरवतो. चाकं किती फिरली यावरून इंजिनानं किती काम केलं हे कळणार कसं? जनरेटर तर जन्मभर एक इंचही हलत नाही, पण त्याचंही तेल बदलावं लागतं.

इथे दुकानात शिरल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, "एष्टु ओडिदे?" किती पळाली? मग काचेच्या कोपऱ्यात एक स्टिकर चिकटतो, पुढची सर्व्हिस अमुक किलोमीटरला. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांतलं जे आधी होईल ते, असं दिलेलं असतं. आता ही आकडेमोड बघा. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या डच कंपनीच्या २०२३ च्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर कापायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागत होते. मंदगतीत जगात सहावा क्रमांक. (सातवं पुणं, २७ मिनिटं ५० सेकंद. पुणेकरांनी वीस सेकंदांसाठी छाती फुगवू नये.) म्हणजे ताशी वेग एकवीस किलोमीटरच्या घरात. या वेगानं १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन सुमारे ४७० तास चालतं. तेच अंतर महामार्गावर ताशी सत्तरनं कापलं तर १४३ तास.

आम्ही दिवाळीला पुण्याला जातो. एकेरी अंतर साधारण ८४० किलोमीटर. कोल्हापूरच्या अलीकडे-पलीकडे थांबे धरून चौदा-पंधरा तास. तेवढेच किलोमीटर एचएसआर ते मारतहळ्ळी अशा रोजच्या येरझाऱ्यांत जमवायला इंजिनाला चाळीस तास जुंपावं लागतं. मीटरवर दोन्ही ८४० च दिसतात.

मामाचा अडीचशे तासांचा हिशेब कारला जसाच्या तसा लावता येत नाही. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन ओझ्याखाली राबतं, कारचं पेट्रोल इंजिन सिग्नलला नुसतं गुरगुरत असतं. पण गाडीचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं तर तिथे एक तक्ता सापडतो. धूळ, सततची थांबा-चला वाहतूक, छोट्या छोट्या फेऱ्या, बराच वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, हा खडतर वापर समजावा आणि तेल लवकर बदलावं. हा तक्ता लिहिताना कोणी आउटर रिंग रोडवर उभं होतं की काय, असं वाटतं. माझ्यापुरता मी तोडगा काढला आहे. शहरातच फिरणारी गाडी असेल तर १०,००० च्या आकड्याची वाट न पाहता सहा-सात हजारांवर किंवा वर्ष भरताच तेल बदलायचं. उलट ज्यांची गाडी दर महिन्याला हुबळी-बेळगाव करते, त्यांना दुकानदारानं पाच हजारांवर बोलावलं तर त्यात गरज दुकानाची असते.

दुकानदाराकडे तुम्हाला पटवायला दोन पुरावे असतात. पहिला काळा. तो डिपस्टिक काढतो, तेलाचा थेंब बोटावर घेऊन तुमच्या नाकासमोर धरतो. "देखो, पूरा काला." पण तेल काळं होणं हे तेलाचं कामच आहे. त्यात मिसळलेली द्रव्यं इंजिनातली काजळी धुऊन, तिचे कण सुटे ठेवून अंगावर वागवतात, म्हणजे ती पिस्टनला चिकटत नाही. भांडी घासलेलं पाणी काळं झालं नाही तर भांडी घासलीच गेली नाहीत, तसं. डिझेल गाडीचं नवं तेल काहीशे किलोमीटरांतच काळं पडतं. नुसत्या रंगावरून तेलाचं आयुष्य कळत नाही. किती चाललं, कसं चाललं, पातळी किती घटली, हे बघावं लागतं.

दुसरा पुरावा पांढरा. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कधीकधी दुधावरच्या सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसतो. तो दाखवून "हेड गॅस्केट गेलं, मॅडम" म्हटलं की भल्याभल्यांचा धीर सुटतो, कारण हे काम हजारो रुपयांचं. खरंच गॅस्केट गेलं असेल तर कूलंटची पातळी घटत जाते, इंजिन तापतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटत राहतो. यांतलं काहीच नसेल तर ती बहुतेक वेळा नुसती ओल असते. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, त्यातली थोडी चेंबरमध्ये उतरते. इंजिन पुरेसं तापलं की ती उडून जाते. पण शाळा, भाजी, जिम अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांत, त्यातही डिसेंबरातल्या बेंगळुरूच्या गार सकाळी, तेल नीट तापतच नाही आणि वाफ थंड झाकणाखाली साय धरते. एकदा तुमकूरपर्यंत लांब फेरी मारून यायची आणि झाकण पुन्हा उघडून बघायचं. माझ्या गाडीची साय त्या फेरीत गेली.

आता डब्यावरचे आकडे. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं १९११ मध्ये तेलाच्या दाटपणाची पहिली वर्गवारी केली, तिचीच ही नातवंडं. यातलं 'डब्ल्यू' म्हणजे वेट, वजन, असं सांगणारे मला तीन दुकानांत भेटले. ते विंटर आहे. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं चांगलं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, शंभर अंश सेल्सिअसला, ते किती दाट राहतं ते. बेंगळुरूचं आजवरचं नीचांकी तापमान ७.८ अंश, तेही जानेवारी १८८४ मधलं. मग इथे शून्य डब्ल्यूचं तेल कशाला? थंडीसाठी नाही. पातळ तेल ढकलायला इंजिनाला कमी जोर लागतो, मायलेज सुधारतं, आणि सकाळी चावी फिरवल्याबरोबर ते वरच्या भागांपर्यंत लवकर पोचतं. इंजिनाची झीज चालू होतानाच्या त्या क्षणांत जास्त होते. नव्या इंजिनांमधल्या फटी आणि तेलाचे मार्ग अशा तेलासाठीच बेतलेले असतात. "इतकं पातळ तेल इंजिन खातं, आपण दाट टाकू" असं म्हणणारा मेकॅनिक खोटारडा नसतो. तो २०डब्ल्यू-४० च्या जमान्यात शिकलेला असतो. त्याचं ऐकायचं मात्र नाही, पुस्तकाचं ऐकायचं.

आकड्यांच्या शेजारी एक गोल चिन्ह असतं, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं. त्यात 'एस' नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोलसाठी, 'सी' नं सुरू होणारी डिझेलसाठी. २०२० मध्ये आलेला 'एसपी' हा पेट्रोलच्या अलीकडच्या दर्जांतला एक. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या डिझेल गाड्यांना मात्र जास्त जपावं लागतं. त्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्याला कमी राखेचं तेल लागतं. चुकीचं तेल भरलं तर तो हळूहळू तुंबतो, आणि त्याचं बिल बघून माणूस तेलबदलाचं बिल फ्रेम करून लावेल. दुचाकीची तऱ्हा आणखी निराळी. मोटरसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असतो, म्हणून तिला जपानी जासो मानकातलं 'एमए' किंवा 'एमए-२' हवं. कारचं गुळगुळीत तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला 'एमबी' चालतं. पंपावरचा मुलगा हे विचारत नाही. आपण डबा फिरवून वाचायचा.

सिंथेटिक, सेमी-सिंथेटिक यांवर दुकानदार जे काही बोलतो त्याला मराठीत एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात, आणि गंमत अशी की इथे ती म्हण शब्दशः लागू पडते. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्यानं १९०९ मध्ये आपल्या मोटारतेलाला 'कॅस्ट्रॉल' नाव दिलं ते त्यात घातलेल्या कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून. बैलगाडीच्या आसाला एरंडेल चोपडणाऱ्या आपल्या पूर्वजांना नाव सुचलं नाही, एवढंच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंही एरंडेलावर चालायची. ते तापलं तरी पातळ होऊन पळत नाही, हा त्याचा गुण. राहिलं 'सेमी'. त्यात सिंथेटिक किती टक्के असावं याचं बंधन नाही, तेव्हा त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजताना डब्यावरचा दर्जा बघावा.

गिऱ्हाइकाची खरी अडचण अशी की तेलबदल झाला की नाही, हे गाडी चालवून कळत नाही. जुनं तेल तसंच ठेवून फक्त बिल दिलं तरी गाडी घरी येतेच. फिल्टर न बदलता वरून पुसून चकचकीत केला तरी येते. फिल्टरच्या आत घड्यांचा कागद असतो. तो तुंबला की एक बारीक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं, कारण कोरडं राहण्यापेक्षा घाण तेल बरं. इंजिन तक्रार करत नाही. परिणाम दिसतो तीस-चाळीस हजार किलोमीटरांनंतर, आणि तोवर दुकानाच्या जागी कॅफे आलेला असतो. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांना एक वेगळा वर्ग दिला. विकत घेण्याआधी परीक्षा नाही, वापरल्यावरही परीक्षा नाही, सगळा मामला भरवशाचा. मोटारदुरुस्ती त्यातच बसते. भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण त्यांना माहीत नसावी, नाहीतर निबंध एका ओळीत संपला असता.

झटपट तेलबदलाचा धंदा अमेरिकेत १९७० च्या दशकात फोफावला, आणि जिफी लूब हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. खाली खड्डा, वर गाडी, दहा मिनिटं. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएनबीसी वाहिनीनं छुपे कॅमेरे लावून तिथल्या काही शाखा तपासल्या, तेव्हा पैसे घेऊन न केलेली कामं चित्रित झाली. पण मला त्याहून बोलकी वाटते ती हेन्री श्नायडर या अर्थशास्त्रज्ञाची पाहणी. त्यानं मुद्दाम ठरावीक दोष ठेवलेली गाडी अनेक गॅरेजांत नेली. गरज नसलेली कामं सुचवणारे निघालेच; पण त्याहून जास्त वेळा समोर दिसणारे दोष मेकॅनिकच्या नजरेतूनच सुटले. लुबाडणाऱ्याची भीती आपण बाळगतो, आणि वेंधळा आपल्या इंजिनात हात घालून जातो.

वेंधळेपणाचं खास ठिकाण म्हणजे चेंबरचा ड्रेन बोल्ट. चेंबर पुष्कळदा ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. दर वेळी नवा वॉशर घालून, ठरलेल्या जोरानंच तो आवळायचा असतो. घाईत हवेच्या गननं कचकचून आवळला की आटे जातात. पुढच्या वेळी बोल्ट नुसता गरगर फिरतो, आणि पार्किंगमध्ये रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसायला लागतो. तो डाग ज्यानं आटे मारले त्याच्या नावावर कधीच लागत नाही, ज्यानं शेवटी बोल्ट उघडला त्याच्या नावावर लागतो. घरी येणारे मेकॅनिक हे टाळायला डिपस्टिकच्या नळीतून व्हॅक्यूम पंपानं तेल ओढतात. आटे वाचतात, गाडी उचलावी लागत नाही. तळाचा गाळ मात्र थोडा मागे राहू शकतो, आणि गाडीच्या पोटाखाली कोणी डोकावत नाही, त्यामुळे फाटलेलं रबरी आवरण किंवा गळती कोणाला दिसत नाही. मी आलटून पालटून करते. एकदा व्हॅक्यूम, एकदा बोल्ट.

तक्रार करायची वेळ आलीच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पाठीशी आहे. केलेल्या कामाचं बिल न देणं हीसुद्धा त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण गेलेल्या आट्यांसाठी आयोगापर्यंत गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमच्या इमारतीत एक अंकल आहेत, मायकोतून निवृत्त झालेले. होसूर रोडनं शहराकडे निघालं की आडुगोडीला लागते ती १९५१ मध्ये स्थापन झालेली मायको, आजची बॉश. डिझेल पंप आणि स्पार्क प्लगमध्ये हयात गेलेली, त्यामुळे त्यांच्यासमोर गाडीबद्दल जपून बोलावं लागतं. चारशे मिलिलिटरची माझी कहाणी ऐकून ते म्हणाले, तेलाचं सोड, डबा कुठाय? नामांकित तेलाचे रिकामे डबे भंगारात वेगळ्या भावानं जातात आणि त्यांतले काही पुन्हा भरून, पुन्हा बूच लावून बाजारात येतात. म्हणून सील आपल्यासमोर फोडून घ्यायचं, झाकणावरचा किंवा लेबलवरचा कोड मोबाइलवर तपासायचा, आणि काम झालं की डब्याला भोक पाडायचं. "डोंट गिव्ह इट बॅक लाइक दॅट," त्यांनी मला दोनदा बजावलं.

पुढच्या वेळी मी मेकॅनिकला घरीच बोलावलं. विशीतला मुलगा, गदगकडचा, मराठी बऱ्यापैकी समजणारा. त्यानं पुठ्ठा अंथरला, व्हॅक्यूमनं जुनं तेल ट्रेमध्ये घेतलं, फिल्टर मला हातात धरून दाखवला, नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटानं तेल लावलं, जुनी कडा इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे टॉर्चनं बघितलं. ही शेवटची गोष्ट त्यानं मी न सांगता केली, आणि मी मनातल्या मनात त्याला पाच तारे देऊन टाकले. डब्याच्या कडेला मापाची पारदर्शक पट्टी असते, ती बघत बघत ३.१ लिटर ओतलं. दोन मिनिटं इंजिन चालवलं, थांबला, डिपस्टिक माझ्या हातात दिली. तेल कमाल खुणेला टेकलेलं. उरलेले चारशे मिलिलिटर मी आणलेल्या बाटलीत गेले, बाटलीवर मार्करनं ठळक अक्षरांत 'इंजिन ऑइल' लिहिलं. मग अंकलांची आठवण ठेवून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि साडेतीन लिटरच्या डब्याच्या बुडाला तीन भोकं पाडली.

मुलगा बघतच राहिला. "मॅडम," तो म्हणाला, "आता हे कशात ओतू?"

ट्रेमध्ये तीन लिटर काळं तेल होतं. गिऱ्हाइकाच्या रिकाम्या डब्यातच तो ते भरून नेत असे.

हे काळं तेल कायद्यानं घातक कचरा आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते येतंच, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरच ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी टाकली आहे. नीट गोळा झालं तर त्यातून पुन्हा मूळ तेल काढता येतं. तेल झिजून संपत नाही, मळतं. नीट नाही झालं तर ते सेंट्रिंगच्या फळ्यांना, गावाकडे वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या मेढींना, किंवा सरळ गटारात जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब आहे की एका गाडीच्या तेलबदलातलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. आमच्याकडचं पाणी आगरा तलावातून पुढे बेळ्ळंदूरला जातं. २०१७ आणि २०१८ मध्ये जिथे आग भडकली, तोच बेळ्ळंदूर तलाव. तिथला फेस सांडपाण्याचा होता, इंजिन ऑइलचा नव्हे, पण त्यात भर घालायची इच्छा मला नव्हती.

बेसमेंटचा सुरक्षारक्षक दोनदा येऊन फरशी बघून गेला होता. मी लिफ्टनं वर पळाले. घरात झाकणाचं, न गळणारं, पाच लिटरचं भांडं एकच होतं, शेंगदाणा तेलाचा कॅन, आणि तो अर्धा भरलेला. स्टीलची दोन पातेली आणि लोणच्याची रिकामी बरणी काढून मी नरसाळ्यानं तेल ओतायला लागले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "आता हे कुठल्या गाडीत घालतेस?"